काचेच्या चौकटीवरचा काळा पट्टा : एका जुन्या एमजीबीचं अ‍ॅनोडायझिंग

गाडी एमजीबी. उघड्या टपाची, दोन जणांची, क्रोम बंपरवाली. ही मालिका इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनली. ही गाडी त्यातली आधीची, रबरी बंपर येण्यापूर्वीची. मालक निवृत्त डॉक्टर, राहायला माहीमला, गाडी उभी राहते ती समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. आमच्याकडे गाडी आलीच नाही. आली फक्त पुढच्या काचेची चौकट, जुन्या चादरीत गुंडाळलेली. वरची पट्टी, खालची पट्टी आणि दोन बाजूंचे खांब. चारही तुकडे अ‍ॅल्युमिनियमचे आणि नुकतेच एका ठिकाणाहून अ‍ॅनोडाइझ होऊन आलेले, म्हणजे अ‍ॅसिडच्या टाकीत वीज सोडून त्यांच्यावर ऑक्साइडचा संरक्षक थर वाढवलेला.

तक्रारी दोन. डाव्या खांबाच्या वरच्या टोकाला बोटभर रुंद काळपट पट्टा. आणि खालची पट्टी बाकी तिघांपेक्षा उघड दिसेल इतकी करडी. डॉक्टरांच्या मते त्या लोकांचं अ‍ॅसिड जुनं होतं. काम करणाऱ्यांच्या मते मटेरियलच खराब होतं. डॉक्टरांनी अर्धे पैसे अडवून धरलेले, आणि बोलणं बंद.

आधी काय घडलं होतं

चौकट मुळात अ‍ॅनोडाइझ केलेलीच असते, चंदेरी, फार चकचकीत नाही. मुंबईच्या हवेत पन्नासेक पावसाळे काढल्यावर त्या थराचं जे व्हायचं ते झालं होतं : जागोजागी पांढरे ठिपके, स्क्रूंभोवती फुगलेली पांढरी पूड, आणि दुधाळ ओघळ. ओघळांचं कारण डॉक्टरांच्या बोलण्यात सहज निघालं. गाडी धुणारा पोरगा कपड्यांची पावडर वापरायचा. अ‍ॅनोडायझिंगचा थर साधारण ४ ते ८.५ पीएचच्या दरम्यान सुखरूप असतो. अल्कली वाढली की तो विरघळायला लागतो. नव्या इमारतींत खिडक्यांच्या अ‍ॅल्युमिनियमवर सिमेंटच्या पाण्याचे जे डाग पडतात आणि कितीही घासले तरी जात नाहीत, तेही याच कारणाने. तो डाग चढलेला नसतो, थरच खाल्लेला असतो.

मग एका गॅरेजवाल्याने बफ मारून चौकट आरशासारखी केली. बफने उरलासुरला थर गेला, उघडं अ‍ॅल्युमिनियम वर आलं आणि एका पावसाळ्यात पुन्हा पांढरं पडलं. त्यानंतर डॉक्टरांनी ती उतरवून अ‍ॅनोडायझिंगला दिली. उतरवणं हेही सोपं काम नव्हे. खांबांचे पाय गाडीच्या अंगात उतरलेले असतात आणि त्यांचे बोल्ट डॅशबोर्डाच्या खालून, पाठीवर झोपून काढावे लागतात. चौकटीच्या जोडांतले स्क्रू पोलादाचे, ते अ‍ॅल्युमिनियमला असे धरून बसतात की डोकी तुटतात पण स्क्रू हलत नाही. या गाडीचे काही स्क्रू ड्रिल मारून काढलेले दिसत होते. मेकॅनिकने भोकं जपली होती, त्याबद्दल त्याचं कौतुक.

मध्ये डॉक्टरांच्या डोक्यात क्रोम करायचंही होतं. "सरळ क्रोम करून टाकू ना! चकचकीत, विषय संपला." अ‍ॅल्युमिनियमवर क्रोम बसतं, नाही असं नाही. आधी जस्ताचा अगदी पातळ थर, मग तांबं, मग निकेल, मग क्रोम. पण खाऱ्या हवेत त्या थराला सुईच्या टोकाएवढं छिद्र पडलं की खालचं अ‍ॅल्युमिनियम जोरात झिजतं आणि वरचा पापुद्रा फुगून उठतो. माहीमच्या गाडीला हा सल्ला मी देणार नाही. रंग म्हणजे नेलपॉलिश, अ‍ॅनोडायझिंग म्हणजे नख. थर बाहेरून लावलेला नसतो, धातूतूनच उगवलेला असतो, म्हणून तो सोलून निघत नाही. मात्र म्हणूनच खालच्या धातूत जे असेल ते वर दिसतं. या प्रकरणाची सगळी गोम इथेच आहे.

ही प्रक्रिया जन्मालाच समुद्रामुळे आली. १९२३ साली ब्रिटनमध्ये बेंगॉ आणि स्टुअर्ट यांनी क्रोमिक अ‍ॅसिडमधली पद्धत काढली ती पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचे ड्युरॅल्युमिनचे (तांबं मिसळलेल्या अ‍ॅल्युमिनियमचे) भाग खाऱ्या पाण्यात टिकावेत म्हणून. आज सर्रास वापरतात ती सल्फ्युरिक अ‍ॅसिडची पद्धत थोडी नंतरची, १९२७ची.

पट्टा कसला

पहिली तपासणी मल्टिमीटरने. अ‍ॅनोडायझिंगचा थर विजेला अडवतो, त्यामुळे दोन्ही टोकं हलकेच टेकवली तर बीप वाजत नाही. क्रोम, स्टील किंवा उघडं अ‍ॅल्युमिनियम असेल तर लगेच वाजते. काळ्या पट्ट्यावर टोकं ठेवली : शांत. करड्या पट्टीवर : शांत. म्हणजे थर सगळीकडे बसला होता. जळालेली जागा किंवा कॉन्टॅक्ट सुटलेली जागा असती तर असं झालं नसतं. "अ‍ॅसिड जुनं" ही तक्रार इथेच ढिली पडली.

दुसरी तपासणी काचेच्या रबराखाली लपणाऱ्या भागावर केली. डाव्या खांबाच्या आतल्या बाजूला, पट्टा जिथून सुरू होतो तिथे, कॉस्टिक सोड्याच्या कोमट द्रावणाचा बोळा ठेवला. आधी काहीच होत नाही. मग थर संपला की बारीक बुडबुडे सुटायला लागतात. बुडबुडे सगळीकडे सारखे आले की बोळा उचलून पाणी मारायचं. धुतल्यावर सगळीच जागा काळपट दिसली, ते अपेक्षितच होतं. कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियम खातं, पण मिश्रधातूतले तांबं, लोह, सिलिकॉन खात नाही, त्यांची काजळी वर राहते. आता नायट्रिक अ‍ॅसिडचा बोळा. बाजूचा धातू लगेच पांढराशुभ्र झाला. पट्ट्याची जागा होती तशीच काळी. नायट्रिकने तांब्याची काजळी जाते, सिलिकॉनची जात नाही. म्हणजे त्या बोटभर जागेत सिलिकॉन भरपूर होतं.

खांबाच्या धातूत एकाच ठिकाणी एवढं सिलिकॉन कुठून येणार? वेल्डिंगच्या काडीतून. कधी काळी तो कोपरा तडकला होता आणि कुणीतरी टिग वेल्डिंगने भरून, घासून, सफाईने बेमालूम केला होता. बफ मारलेल्या अवस्थेत ते वेल्ड कुणालाच दिसलं नसतं. काडी ४०४३ची असणार, तिच्यात सुमारे ५ टक्के सिलिकॉन असतं. वेल्डरला दोष देता येत नाही. ४०४३ छान वाहते, तडा जात नाही आणि दुकानात मागितली की हीच हातात पडते. फक्त पुढे अ‍ॅनोडायझिंग होणार असेल तर ती चालत नाही, कारण सिलिकॉनचे कण ऑक्साइड होत नाहीत, ते थरात तसेच अडकतात आणि जागा गडद करडी ते काळी दिसते. याच कारणाने सिलिकॉन जास्त असलेल्या ओतीव अ‍ॅल्युमिनियमला, एलएम ६सारख्याला, चंदेरी अ‍ॅनोडायझिंग कधीच येत नाही. पुढे अ‍ॅनोडायझिंग असेल तर काडी ५३५६ची. तिच्यात सिलिकॉनऐवजी सुमारे ५ टक्के मॅग्नेशियम असतं आणि रंग बराच जवळ येतो.

पहिल्या कारखान्याची चूक एवढीच की थर चढवण्याआधीच्या कॉस्टिकच्या धुलाईतून तुकडा बाहेर काढल्यावर त्यांना हा पट्टा दिसला असणार आणि तरीही तुकडा पुढच्या टाकीत गेला. तिथे थांबून एक फोन केला असता तर भांडण झालं नसतं. लोक थांबत नाहीत, कारण रॅकवर आणखी वीस जॉब लटकलेले असतात.

करडी पट्टी

खालच्या पट्टीचं कोडं वेगळं. उलटी करून पाहिली तर काच बसते त्या खाचेत मिलिंगच्या कटरच्या ओळी स्पष्ट होत्या. वरच्या पट्टीच्या खाचेत त्या नव्हत्या, तिथे डायमधून ओढल्याच्या लांब सरळ रेघा होत्या. म्हणजे खालची पट्टी इथलीच, कुणीतरी जाड सपाट पट्टीतून मिल करून बनवलेली. काम उत्तम होतं, गोलाईसुद्धा हुबेहूब. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "आधीच्या मालकाने काय काय करून ठेवलंय देव जाणे."

मुंबईच्या धातूबाजारात जाड पट्टी मागितली की जे मिळतं ते बहुधा एचई ३०. जुनं ब्रिटिश नाव, अजून बाजारात चालतं. आजच्या भाषेत जवळपास ६०८२. खिडक्यांच्या सेक्शनचा माल एचई ९, म्हणजे ६०६३. एचई ३० ताकदीला चांगला, मिलिंगला चांगला, पण त्यात मँगनीज आणि सिलिकॉन जास्त, त्यामुळे थर जाड होत जातो तसा तो करडा दिसू लागतो. एचई ९ त्याच जाडीला चंदेरीच राहतो. पहिल्या कारखान्याने दोन्ही एकाच रॅकवर, एकाच वेळेला काढले होते.

तेव्हा "मटेरियल खराब" हेही चुकीचं. मटेरियल दोन प्रकारचं होतं, आणि एका कोपऱ्यात तिसरं.

इथे निर्णय घ्यायचा होता. एक मार्ग : नवी पट्टी एचई ९मधून मिल करून घ्यायची. धातू मऊ, कटरला चिकटतो, आणि चांगली बसलेली पट्टी फेकून द्यायची. मला हे पटलं नाही. दुसरा : खालच्या पट्टीवर थर पातळ ठेवायचा, ८ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास, म्हणजे करडेपणा कमी होतो. दिसायला हे सर्वात चांगलं. पण पाणी साचतं ते नेमकं खालच्या पट्टीत, वायपरची घाण तिथेच, रबराखालची ओल तिथेच. जिथे सर्वात जास्त संरक्षण हवं तिथेच थर पातळ करणं हे मला उलटं वाटलं. तिसरा : थर पुरता द्यायचा आणि करडेपणा मान्य करायचा.

डॉक्टर आधी दुसऱ्या मार्गाच्या बाजूने होते. मग आम्ही एचई ३०च्या तीन छोट्या पट्ट्या वेगवेगळ्या जाडीत काढून घेतल्या, ८, १२ आणि १५ मायक्रॉन, आणि त्या गाडीच्या काचेखाली आडव्या ठेवून डॉक्टरांना चालत चालत बघायला सांगितलं. उभ्या खांबावर आणि आडव्या पट्टीवर उजेड वेगळा पडतो. टेबलावर शेजारी ठेवल्यावर जो फरक डोळ्यात खुपत होता, तो गाडीवर शोधावा लागत होता. "पंधराच करा," म्हणाले. अशा तुकड्यांची चाचणी स्वस्त असते आणि शब्दांपेक्षा लवकर मिटवते.

वसईची टाकी

अ‍ॅनोडायझिंगच्या टाक्या आता शहरात कमी उरल्यात. आम्ल आणि कॉस्टिकचं पाणी उदासीन केल्याशिवाय सोडता येत नाही, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, आणि दाटीवाटीच्या गाळ्यात ते जमवणं कठीण. आम्ही वसई पूर्वेकडच्या एका गाळ्यात गेलो. निवड करताना एकच प्रश्न विचारला : चिलर, म्हणजे द्रावण थंड ठेवणारं यंत्र, आहे का? टाकीतलं सल्फ्युरिक १८ ते २२ अंशांत हवं, आणि वीज वाहताना टाकी तापतच राहते. मुंबईच्या उन्हाळ्यात चिलर नसेल तर द्रावण सहज तिशीच्या पुढे जातं. मग तयार झालेला थर अ‍ॅसिड तिथल्या तिथे खात सुटतं आणि हाताला खडूसारखी पूड लागते. या गाळ्यातल्या काकांकडे चिलर होता आणि टाकीवर थर्मामीटर लटकत होता, तोही चालू.

त्याआधीची कामं आमच्याकडे झाली. डाव्या खांबाचं जुनं वेल्ड कोरून काढलं, ५३५६ने पुन्हा भरलं. कोरताना एक लक्ष द्यावं लागतं : सिलिकॉन शेजारच्या वितळलेल्या धातूतही मिसळलेलं असतं, त्यामुळे दिसतं त्यापेक्षा थोडं जास्त काढायचं. मग तिथेच पुन्हा कॉस्टिक आणि नायट्रिकचे बोळे. या वेळी जागा उजळली.

सगळ्या तुकड्यांतून पोलाद बाहेर काढलं. एका भोकात स्टेनलेसची आटे दुरुस्तीची स्प्रिंग राहिली होती. ती टाकीत गेली असती तर वीज अ‍ॅल्युमिनियम सोडून तिच्याकडे धावली असती, ती स्वतः विरघळली असती आणि भोवतीची जागा बिघडली असती. डॉक्टरांनी सोबत दरवाज्याची हँडलंही पाठवली होती, "हेही त्यातच घ्या" म्हणून. हातात घेतल्यावर वजनावरूनच कळतं, ती जस्ताची ओतीव. जस्ताची घनता अ‍ॅल्युमिनियमच्या अडीचपटीहून जास्त. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत हे सर्रास असतं. सल्फ्युरिकमध्ये ती टाकली असती तर हँडलही गेलं असतं आणि टाकीही नासली असती. ती परत केली.

मग वॉटर पेपर, आधी ४००, मग ८००, मग १२००, आणि शेवटी बफ. बफ हलका. जोर लावला की पृष्ठभाग तापून धातू फरफटला जातो आणि अ‍ॅनोडायझिंगनंतर तिथे ढगाळ रेघा उठतात. पावसाळी हवेत बफ केलेला अ‍ॅल्युमिनियम पडून राहू द्यायचा नाही. बोटांचे ठसे त्यात उमटतात, बफचा साबण कडक होऊन खाचांत बसतो आणि नंतर कुठल्याही धुलाईत निघत नाही. ओल्या वर्तमानपत्रात तर मुळीच गुंडाळायचा नाही. बफ संपला त्याच दिवशी टेंपो वसईला गेला.

काकांनी तुकडे हातात फिरवून पहिला प्रश्न विचारला, "पकड कुठे देऊ?" चांगला प्रश्न. रॅकचा चिमटा जिथे धरतो तिथे थर येत नाही, ती जागा उघडी राहते. काच बसते त्या खाचेच्या आत, रबराखाली, जागा खुणा करून दिल्या. चिमटे घट्ट. मध्येच सैल झाला तर थर वाढायचा थांबतो.

"एचई ३०ची पट्टी वेगळी काढा," मी म्हणालो.

"वेगळीच काढणार. एकत्र टाकली की नंतर मला शिव्या."

टाकीचं गणित सोपं आहे आणि जॉब देणाऱ्याने ते स्वतः करून जावं. मायक्रॉनमधली जाडी म्हणजे साधारण ०.३ गुणिले करंट, चौरस डेसिमीटरमागे अँपिअरमध्ये, गुणिले मिनिटं. १.५ अँपिअरने ३३ मिनिटं दिली की १५ मायक्रॉन. त्यासाठी तुकड्याचं क्षेत्रफळ मोजावं लागतं, आतल्या खाचेसकट. ती विसरली तर हिशेब कमी येतो, रेक्टिफायर (टाकीला वीज पुरवणारं यंत्र) कमी करंटवर लावला जातो, आणि घड्याळ ३३ मिनिटं दाखवत असताना थर ११-१२वरच थांबलेला असतो. थराचा साधारण दोन तृतीयांश भाग धातूत आत जातो, एक तृतीयांश बाहेर येतो, म्हणून १५ मायक्रॉनने स्क्रूचे आटे अडत नाहीत.

खरा टिकाऊपणा ठरतो तो शेवटच्या टाकीत. ताजा थर असंख्य सूक्ष्म नळ्यांचा असतो, वरून उघड्या. ९६ अंशांच्या वरच्या शुद्ध पाण्यात मायक्रॉनमागे तीनेक मिनिटं ठेवलं की ऑक्साइड पाणी धरून फुगतं आणि नळ्यांची तोंडं मिटतात. हेच सीलिंग. आमच्या हिशेबाने पाऊण तास. इथेच घाईने कात्री लागते, कारण गॅस जळत असतो आणि पुढचा माल थांबलेला असतो. पाणीही डीएमच, म्हणजे क्षार काढलेलंच हवं. टँकरच्या पाण्यातलं सिलिकेट नळ्या मिटू देत नाही. तुकडे वाळल्यावर लपणाऱ्या जागेवर मार्करने रेघ मारली, पाच मिनिटांनी ओल्या फडक्याने पुसली. पुसली गेली, खूण राहिली नाही, म्हणजे नळ्या मिटल्या होत्या. पहिल्या कारखान्याच्या थरावर मी हीच रेघ सुरुवातीला मारून बघितली होती, तिथे निळी सावली उरली होती. म्हणजे रंगाचं भांडण नसतं तरी ती चौकट दोन पावसाळ्यांत पुन्हा डागाळलीच असती. पैसे अडवायचे तर ते याच मुद्द्यावर अडवायला हवे होते. त्यावर मात्र कुणी बोललं नव्हतं.

परत जोडताना

डाव्या खांबावरचा काळा पट्टा गेला. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, कुठे बघायचं ते माहीत असेल तर, वेल्डच्या दोन्ही बाजूंना एक फिकट कड दिसते. वेल्डिंगच्या उष्णतेने तिथल्या धातूची घडण बदलते, ते थरातून डोकावतं. यावर उपाय नाही आणि डॉक्टरांना तसं आधीच सांगून ठेवलं होतं. खालची पट्टी एक छटा करडी आहे, ठरल्याप्रमाणे.

स्क्रू आता स्टेनलेसचे. पण स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियम खाऱ्या ओलीत एकमेकांना भिडले तर झिजतं अ‍ॅल्युमिनियमच, म्हणून प्रत्येक स्क्रूखाली नायलॉनचा वॉशर आणि आट्यांवर लॅनोलिनचं ग्रीस. गॅरेजमध्ये हाताशी तांब्याचं ग्रीस होतं, ते जाणूनबुजून दूर ठेवलं. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियमची जोडी त्याहून वाईट.

गाडी धुणाऱ्याला नवी सूचना मिळाली : साधं पाणी, मऊ फडकं, कारसाठीचा सौम्य शाम्पू, आणि पावसात गाडी बाहेर निघाली तर घरी आल्यावर खालच्या पट्टीच्या खाचेतून पाणी पुसून काढायचं. पावडर कपाटातून हलवून थेट धुणीभांड्यांच्या बाजूला ठेवली आहे. डॉक्टरांनी पहिल्या कारखान्याचे अडवलेले पैसे वेल्डचं कारण सांगून चुकते केले. सीलिंगबद्दलही त्यांना फोनवर दोन शब्द ऐकवले, असं म्हणतात. जस्ताची हँडलं क्रोमवाल्याकडे गेली आहेत, आणि त्यांच्यावरचे फोड बघता तिथे वेगळंच प्रकरण उभं राहणार आहे.